कुत्रं सापडतं हो, मालक सापडत नाही

कोल्हापुरातल्या सानेगुरुजी वसाहतीतल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची चिंगी, दोन वर्षांची गावठी कुत्री, विसर्जनाच्या रात्री डॉल्बीला घाबरून गेटखालनं सटकली आणि तिसऱ्या दिवशी फुलेवाडीच्या पुढं एका बंद गुऱ्हाळाच्या शेडमध्ये मिळाली. तिथला राखणदार दोन दिवस तिला भाकरी घालत होता, गळ्यात लाल पट्टा होता म्हणजे कुणाचीतरी पाळलेली आहे हे त्याला कळत होतं, पण फोन करणार कुणाला? आता ताई विचारतायत की नंबरचा बिल्ला करू, चिप बसवू का जीपीएस घेऊ, आणि सासरे म्हणतायत कसला बिल्ला न काय, कुत्रं घरातच असतंय की.

ताई, आधी बिल्ला. आजच. चिप पुढच्या इंजेक्शनच्या वेळी बसवून टाका, आणि जीपीएसचं खिशाकडं बघून ठरवा. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

तुमच्या गोष्टीतच उत्तर आहे बघा. चिंगी तिसऱ्या दिवशी सापडली असं तुम्ही म्हणता, पण त्या राखणदाराला ती पहिल्याच दिवशी सापडली होती की. मधले दोन दिवस गेले ते ती हरवली म्हणून नाही तर त्याच्याकडं तुमचा नंबर नव्हता म्हणून. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या हरवलेल्या कुत्र्यांच्या केसेस बघितल्या तर बहुतेक वेळा असंच असतं, कुणीतरी चांगला माणूस कुत्र्याला पाणी पाजतो, पार्लेजी घालतो, दोन दिवस अंगणात बांधून ठेवतो, आजूबाजूला विचारतो, आणि मग कुणी विचारायला आलं नाही म्हणून एकतर सोडून देतो नाहीतर स्वतःच पाळतो. यात त्याची काय चूक? आपण म्हणतो चोरलं. चोरणारे असतातच, विशेषतः लॅब, पग, शिट्झू असल्या महागड्या पिल्लांना, पण बहुतेक लोक चोर नसतात, त्यांना फक्त फोन करायला नंबर नसतो.

आणि सासऱ्यांना सांगा, घरात असणारंच कुत्रं हरवतं. गल्लीत हिंडणारं कुत्रं रोज चार गल्ल्या मुतत मुतत फिरलेलं असतं, त्याला परत यायचा रस्ता ठाऊक असतो. घरातलं कुत्रं साखळीला बांधून रोज एकाच रस्त्यानं जाऊन येतं, ते सुसाट सुटलं की दोन चौक ओलांडल्यावर त्याच्या दृष्टीनं सगळं परकं. त्यात आपल्याकडं प्रत्येक गल्लीच्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, नवीन कुत्रं आत आलं की ती भुंकत अंगावर जातात, हे पळतं पुढच्या गल्लीत, तिथं दुसरी टोळी, असं करत करत संध्याकाळी सानेगुरुजीतनं सुटलेलं कुत्रं पहाटे कळंब्यात नाहीतर फुलेवाडीच्या पुढं शेतवडीत पोचलेलं असतं. ते स्वतःहून एवढं लांब गेलेलं नसतं, त्याला तिथपर्यंत हाकलत नेलेलं असतं.

सुटायच्या वेळाही ठरलेल्या. विसर्जन, दिवाळी, एप्रिल-मे मधला वळीव, आणि आपल्या कोल्हापुरात एक जादा म्हणजे शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची फायनल, पेठेत फटाक्यांची माळ लागली की घरातलं कुत्रं कपाटाखाली नाहीतर गेटबाहेर. शिवाय गॅसवाला, पार्सलवाला, रंगकामवाले, गौरीला आलेले पाहुणे. नवीन घरात राहायला गेल्यावरचे पहिले दोन आठवडे तर फार वाईट, कारण सुटलं तर ते जुन्या घराच्या दिशेनं जातं. तेव्हा जुन्या गल्लीतल्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. नसबंदी न केलेला नर असेल आणि जवळपास कुठली कुत्री हीटवर असेल तर सहा फुटी भिंतसुद्धा त्याला अडवत नाही.

आता बिल्ला कसा करायचा. ऑनलाइन मिळतात, हाडाच्या आकाराचे, रंगीबेरंगी, त्यातल्या स्वस्तातल्यांवर नुसती छपाई असते, ती दोन पावसाळ्यांत पुसून जाते आणि शेवटी कोरा पत्रा लोंबत राहतो. मला विचाराल तर भांड्यावर नाव घालून देणारा गाठा. लग्नातल्या भांड्यांवर तो मशीननं टकटक करत नाव टाकतो ना, तेच स्टीलच्या नाहीतर पितळेच्या पट्टीवर टाकून घ्यायचं. पापाच्या तिकटीला जा, ट्रॉफीवाल्याकडं जा, चहा-भज्याच्या पैशात काम होतं. खोल कोरून घ्या, बोटाला लागलं पाहिजे. मग ती पट्टी पट्ट्याला चपटी बसवून दोन्ही बाजूंनी रिबेट मारून घ्या, आपल्याकडं चामड्याचं काम करणाऱ्यांना तोटा नाही, चप्पल लाइनला कुणीही करून देईल. लोंबता बिल्ला असेल तर तो अडकवायला जी एसच्या आकाराची कडी देतात ती फेकून द्या, ती उघडते. किल्लीच्या जुडग्याला असते तसली डबल रिंग वापरा.

काय लिहायचं यावर लोकांचे भारी वाद असतात. माझं मत असं. दोन मोबाइल नंबर, दोन्ही एकाच घरातले नकोत. कारण कुत्रं हरवल्यावर तुम्ही सगळे रस्त्यावर शोधत असता, फोन सारखा बिझी, रात्रीपर्यंत बॅटरी संपलेली, तेव्हा दुसरा नंबर बहिणीचा, मित्राचा, नाहीतर त्यांची हरकत नसेल तर तुमच्या डॉक्टरांचा टाका. आकडे इंग्रजीतले ठेवा, सीमाभाग जवळ आहे, कन्नड बोलणारा ट्रक ड्रायव्हर असो का बिहारचा कामगार, तो नंबर सगळ्यांना वाचता येतो. जागा उरली तर ‘औषध चालू आहे’ एवढे शब्द घाला, समजा चालू नसलं तरी. खोटं म्हणा पाहिजे तर, पण असल्या कुत्र्याला ठेवून घ्यायला लोक कचरतात आणि फोन लवकर करतात. नसबंदी झाली असेल तर ‘नसबंदी झालेली’ हेही लिहा, ब्रीडिंगसाठी उचलणाऱ्याला मग त्यात काही राम राहत नाही. पूर्ण पत्ता नको, एरिया पुरे. कुत्र्याचं नाव घालायचं का नाही हे तुमच्यावर, मी घालत नाही, नावाची जागा दुसऱ्या नंबरला देतो.

क्यूआर कोडवाले टॅग निघालेत, स्कॅन केला की फोटो, पत्ता, लसीचं कार्ड सगळं दिसतं. छान आहे, पण आधी नंबर डोळ्यांनी वाचता आला पाहिजे. दूध घालायला निघालेला गवळी गाडी थांबवून अनोळखी कुत्र्याच्या गळ्याजवळ मोबाइल नेऊन स्कॅन करत बसणार नाही. अजून सोपं म्हणजे रुंद नायलॉनच्या पट्ट्यावर नंबरच मोठ्या अक्षरात भरतकाम करून घ्यायचा, मग घाबरलेल्या कुत्र्याला हात न लावता चार-पाच फुटांवरनं वाचता येतो. आणि रेडियम! नंबरप्लेटवाल्याकडनं रेडियमची पट्टी लावून घ्या. तावडे हॉटेलपासून पुढं हायवेला रात्री काळं कुत्रं ड्रायव्हरला दिसतच नाही.

पट्टा घट्ट किती? तुमची दोन बोटं आरामात आत गेली पाहिजेत, तिसरं जायला नको. वाढत्या पिल्लाचा दर आठवड्याला तपासा, मी पट्टा मानेत रुतून जखम झालेली पिल्लं बघितलीत आणि ते बघवत नाही. पश्मी, कारवान, मुधोळ असल्या शिकारी कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा मागं ओढलं की कानावरनं सरळ निघतो, त्यांना ताण आला की थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. तो फिरायला नेतानाच हां, घरात साधा, त्यावर पण नंबर. पोमेरियनवाले म्हणतात केस जातात, मग गोल शिवलेला मऊ पट्टा घ्या की, पण मान मोकळी ठेवू नका. सगळ्यात जास्त घोटाळा आंघोळीनंतर होतो. पट्टा वाळत घातलेला, अंग पुसताना कुत्रं निसटतं, दार उघडं, झालं. पट्टा खुंटीला आणि कुत्रं रस्त्यावर. म्हणून दोन पट्टे ठेवा, दोन्हींवर नंबर.

चिपबद्दल लोकांच्या डोक्यात एक मोठा गैरसमज आहे की ती बसवली की मोबाइलवर कुत्रं कुठंय ते दिसतं. नाही दिसत. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली जाड सुईनं घालतात, त्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं, फक्त १५ आकडी नंबर असतो. स्कॅनर अगदी जवळ नेला तरच तो नंबर स्क्रीनवर येतो, आणि तो नंबर कुठल्या तरी यादीत तुमच्या नावापुढं नोंदवलेला असला तरच उपयोग. आपल्या देशात अशी एकच सरकारी यादी नाही, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आपापल्या याद्या. गुऱ्हाळाच्या राखणदाराकडं स्कॅनर असणार आहे का? म्हणून म्हणतो, एकट्या चिपवर अवलंबून राहू नका.

पण मग बसवायची कशाला? कारण पट्टा निघतो, कुणी मुद्दाम काढूनही टाकतो, चिप निघत नाही. उद्या कुणी म्हणालं की हे कुत्रं माझं आहे, तर चिपचा नंबर आणि तुमची पावती हा सरळ पुरावा. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीला चिप लागतेच, परदेशी न्यायचं तरी लागते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या शेल्टरांचा एक अभ्यास आला होता, तिथं आलेल्या भटक्या कुत्र्यांपैकी एकूण साधारण २२ टक्के मालकाकडं परत गेली, पण चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के गेली. आणि चिप असूनही मालक मिळाला नाही त्यात सगळ्यात जास्त वेळा कारण काय, तर नोंदवलेला फोन नंबर चुकीचा नाहीतर बंद. म्हणजे तिथंही गाडी नंबरवरच अडकली. तुम्ही नंबर बदलला की बँकेत, गॅसला सांगता ना, तसं चिपच्या यादीतही बदला, आणि बिल्लाही नवा करा.

आता उलटंही सांगतो, नाहीतर म्हणाल डॉक्टर बिल्ल्याची जाहिरात करतोय. तिथलाच २०१२ चा एक सर्वे आहे, हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाली, पण त्यातली टॅग किंवा चिपमुळं मिळालेली १५ टक्केच. जवळजवळ निम्मी मिळाली ती मालकांनी आसपास पायपीट करून शोधल्यामुळं, आणि साधारण २० टक्के आपली आपणच घरी आली. आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडं जशेच्या तशे लावू नका. पण बिल्ला घातला म्हणून घरी बसून फोनची वाट बघायची नाही, हे त्यातनं घ्यायला हरकत नाही.

जीपीएसच्या यंत्रात सिमकार्ड असतं, ते दर काही दिवसांनी चार्ज करावं लागतं, आणि कुत्रं सुटतं त्या दिवशी ते टेबलावर चार्जिंगला असतं हा माझा अनुभव. तरी पळून जायची सवयच असलेलं कुत्रं असेल तर घ्या, पैसे वसूल होतात. एअरटॅग मात्र जीपीएस नाही. तो जवळून जाणाऱ्या ॲपलच्या फोनवरनं जागा कळवतो, राजारामपुरीत, ताराबाई पार्कात चालेल, पण कुत्रं एकदा वडणगेच्या उसात शिरलं की तिथनं आयफोन घेऊन कोण जाणार? त्यातली गोल बॅटरी चावून गिळली तर जिवावर बेतू शकतं, लटकता ठेवू नका.

गावठी कुत्र्यांच्या मालकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बिनपट्ट्याची चिंगी आणि रस्त्यावरची कुत्री यात पकडणाऱ्या गाडीवरच्या माणसाला फरक कसा कळणार? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटकी कुत्री नसबंदी आणि लस देऊन जिथनं पकडली तिथंच परत सोडायची असतात, कानाला छोटा काप देऊन. पण ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन असल्या जागांतली कुत्री हलवा आणि तिथं परत सोडू नका असं सांगितलंय. म्हणजे तुमचं कुत्रं भटकत सीबीएसला, म्हणजे आपल्या मध्यवर्ती बस स्टँडला, जाऊन बसलं आणि गळा मोकळा असेल तर ते परत त्याच जागी येईल ही आशा नको. अजून एक, हरवलेलं कुत्रं घाबरून कुणाला चावलं तर? कुत्र्याची ओळख पटली, लसीचं कार्ड दाखवता आलं, आणि ते दहा दिवस नजरेखाली ठेवता आलं, तर समोरच्या माणसाचा जीव अर्धा भांड्यात पडतो. त्यानं इंजेक्शनं तरीही लगेच सुरू करायचीच, कार्ड बघून थांबायचं नाही. बिल्ल्यावर रेबीजच्या लसीचा महिना-वर्षही घालून घ्या.

नदीकाठच्या लोकांना वेगळं सांगतो, शुक्रवार पेठ, गंगावेश, पलीकडं चिखली-आंबेवाडी. २०१९ आणि २०२१ ला पूर आला तेव्हा माणसं घाईनं बाहेर काढली, जनावरं मागं राहिली, कुठली तरी सुटून भलत्याच गावात गेली. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की ४३ च्या धोका पातळीची वाट बघू नका, त्याच दिवशी कुत्र्याच्या गळ्यात नंबर आहे का बघा. बिल्ला नसेल तर पट्ट्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या मार्करनं लिहा, आणि तुमच्या सोबतचा कुत्र्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बांधून मात्र कधीच सोडून जाऊ नका.

आणि सुटलंच तर. पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे नाव घेत पाठीमागं पळणं. घाबरलेलं कुत्रं तुम्हालाही ओळखत नाही, मागं पळालात की ते अजून लांब जातं. दिसलं तर थांबा, खाली बसा, अंग तिरकं करा, डोळ्यांत बघू नका, उकडलेलं चिकन पुढं टाकत राहा. तांबडा रस्सा नको, नुसतं उकडलेलं. घराचं गेट उघडं ठेवा, तुमचा न धुतलेला शर्ट आणि त्याचं अंथरूण पायरीवर टाका, घरातलं एक माणूस तिथंच बसवा. बाकीच्यांनी पहाटे आणि रात्री उशिरा शोधायचं, तेव्हा आवाज कमी असतो आणि ते बाहेर पडतं. विचारायचं कुणाला तर रात्री-पहाटे रस्त्यावर असणाऱ्यांना. दूध कट्ट्यावरचे गवळी, पेपर टाकणारी पोरं, घंटागाडीवाले, झाडू मारणाऱ्या मावश्या, एटीएमचे वॉचमन. तालमीच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो गेला की अर्ध्या तासात पेठभर होतो, हे कोल्हापूरचं भारी आहे.

उसात शिरलं असेल तर माणसं आत घालून हाकारा करू नका, ते दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून पुढच्या फडात जातं. बांधावर पाणी आणि खाणं ठेवा, रोज त्याच जागी, संध्याकाळी जाऊन शांत बसा. तोड चालू असेल तर टोळीच्या मुकादमाला फोटो आणि नंबर द्या, फडात काय लपलंय ते तोडकऱ्यांना सगळ्यात आधी दिसतं, आणि त्यांच्या पालाजवळ शिळ्या भाकरीच्या वासानं हरवलेली कुत्री येऊन बसतातच.

पोस्टर लावताना नंबर मोठा, मजकूर कमी, आणि एक खूण मुद्दाम लपवून ठेवा. फोन येतात की तुमचं कुत्रं आमच्याकडं आहे, आधी गुगल पे करा. त्यांना विचारा पोटावर डाग कुठल्या बाजूला आहे. खरा माणूस कुत्र्याला पलटी करून बघतो आणि सांगतो, खोटा फोन ठेवतो.

चिंगीबद्दल आता. परत आल्यावर डॉक्टरांना दाखवलं नसेल तर दाखवा, दोन रात्री बाहेर राहिलीय, केसांत दडलेला चावा असू शकतो. जखम दिसली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, लस झालेली असली तरी रेबीजचं इंजेक्शन परत लागतं. गेटखालची फट फळी ठोकून बंद करा. आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस येऊन भेटा, आवाजाची भीती कमी करायची औषधं असतात, वजन बघून द्यावी लागतात आणि एखाद्या शांत दिवशी आधी देऊन बघावी लागतात, मेडिकलमधनं माणसांची झोपेची गोळी आणून अर्धी करून देऊ नका.